चाल उसनी चालेल सर, शब्द पोरांचे हवेत

सदर : बाईंना विचारा

पत्र असं आहे :

बाई, नमस्कार. मी दापोली तालुक्यात बंदराजवळच्या एका हायस्कूलला मराठी शिकवतो, नोकरीला नवीनच आहे. पट दरवर्षी कमी होतोय म्हणून संस्थेने शाळेचं इन्स्टा पेज काढलं आणि ते माझ्या गळ्यात घातलं, कारण स्टाफमध्ये वयाने मीच लहान. दर आठवड्याला ट्रेंडिंग गाण्यावर पोरांना युनिफॉर्ममध्ये नाचवून रील टाकायचं. इकडे वर्गात पोरं निबंधात पण 'हाय गाईज' लिहितात, पानभर वाचायचं म्हटलं तर जांभया. मध्ये मी 'न' आणि 'ण' वर एक रील केलं ते बरंच चाललं, तेव्हापासून स्टाफरूममध्ये अर्धे वाहवा करतात, अर्धे म्हणतात आधी वर्गात शिकव. आणि खरं सांगू का, मलाही आता धडा शिकवताना डोक्यात पुढचं रीलच असतं. पालकसभेत एकजण म्हणाले मोबाईलवर बंदीच घाला. मी नक्की करू काय?
— गोंधळलेला मास्तर

नमस्कार सर. (माझ्या मुलाच्या वयाचे असाल पण शिकवणाऱ्या माणसाला मी सरच म्हणते, सवय आहे ती जात नाही.)

आधी पटाचं बोलते कारण संस्थेचं घोडं तिथेच अडलंय. तुमच्या पेजवर कमेंट कोण करतं ते एकदा निवांत बसून बघा. मी आमच्या देवगडकडच्या एका शाळेचं पेज बघितलं तर सगळे विरार, नालासोपारा, दिवा, डोंबिवली. 'माझी शाळा', 'डोळ्यात पाणी आलं', 'गणपतीला येतोय सर भेटू'. चाकरमानी हो सगळे. प्रेम खरं आहे त्यांचं, त्यातले दोघंचौघं शाळेला पंखे नाहीतर कॉम्प्युटर पण देतील, पण त्यांची पोरं विरारच्या शाळेत आहेत, ती काही रील बघून तुमच्या आठवीत नाव घालायला येणार नाहीत. गावातल्या आईला पोर कुठल्या शाळेत घालायचं हे ठरवायला एसटी किती वाजता सुटते, पोर किती वाजता घरी येतं आणि गणित-इंग्रजीला मास्तर आहे की जागा रिकामी आहे, एवढं कळलं की पुरतं. निकालाचं म्हणाल तर आपल्याकडे तोही मुद्दा उरला नाही, २०२५ ला कोकण विभागाचा दहावीचा निकाल ९८.८२ टक्के, राज्यात पहिला, नेहमीप्रमाणे. सगळेच पास होतायत म्हटल्यावर निकालाच्या बॅनरने पण कोणी वळत नाही. तेव्हा रीलने पट वाढतो हे संस्थेच्या डोक्यातून काढायचं काम तुमचं, आणि ते भांडून नाही, कमेंटवाल्यांच्या गावांची यादी करून समोर ठेवा, बस.

आता नाच. ह्यावर मी जरा कडक आहे. एका शाळेने गॅदरिंगचा मुलींचा नाच पेजवर टाकला, तो कुठल्यातरी दुसऱ्याच पेजने कापून उचलला आणि खाली असल्या कमेंट की त्यातली एक मुलगी आठवडाभर शाळेत आली नाही. शाळेने आपला व्हिडिओ डिलीट केला पण उचललेला कोण डिलीट करणार. इन्स्टाग्रामच्या स्वतःच्या नियमात खातं काढायला १३ वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे तुमच्या सातवीतल्या बऱ्याच पोरांना जिथे स्वतः जायची परवानगी नाही तिथे शाळाच त्यांचे चेहरे नेऊन ठेवते. आणि आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ च्या आतलं सगळं पोरगंच धरलंय, त्याची माहिती वापरायची तर आईबापाची संमती लागते असंच तो कायदा म्हणतो. कायद्याचं सोडा, ज्या पोराचा चेहरा आहे त्याला उद्या पंचविशीत तो नाच नको वाटला तर? म्हणून सरळ ठरवून टाका, शाळेच्या पेजवर पोरांचे हात दिसतील, वही दिसेल, आवाज ऐकू येईल, चेहरा आणि नाव नाही. व्ह्यूज कमी येतील. येऊ देत.

आणि बंदीवाले पालक. त्यांचं पण ऐकून घ्या, ते वेडे नाहीत, ऑस्ट्रेलियात डिसेंबर २०२५ पासून १६ च्या आतल्यांना सोशल मीडियाची खाती बंद केलीत, तेव्हा ही काळजी फक्त आपल्या वाडीतली नाही. पण पोराच्या हातात फोन दिला कोणी हे पण त्यांना आठवून द्या. २०२० ला आपणच दिला, शाळेने. जून महिन्यात निसर्ग वादळ येऊन तुमच्या दापोली-मंडणगडात कितीक दिवस लाईट नव्हती, तरी ऑनलाईन वर्ग आहे म्हणून पोरं रेंज शोधत सड्यावर, डोंगरावर जाऊन बसायची. आणि त्याच जूनच्या शेवटी टिकटॉक बंद झालं, लगेच जुलैत इन्स्टावर रील आलं. एका हाताने आपण फोन दिला आणि त्याच वेळी त्यात हे सगळं येऊन बसलं. आता एकदम काढून घ्या म्हणायला तोंड नाही आपल्याला. घरात जेवताना नको, झोपताना उशाशी नको, एवढं पालकांनी सांभाळलं तरी खूप, आणि ते त्यांनी स्वतः पण पाळायला हवं हा भाग ते सोयीने विसरतात.

बरं, आता तुमच्या खऱ्या दुखण्याकडे. पोरं निबंधात रीलची भाषा लिहितात.

सर, 'हाय गाईज' वाचून तुम्हाला झणका बसतो ते मी समजू शकते, मलाही बसतो. पण त्याच गठ्ठ्यात बाकीचे निबंध कसे आहेत? 'भारत हा कृषिप्रधान देश आहे', 'पाऊस म्हणजे निसर्गाची किमया', 'जर मी पक्षी झालो तर मला खूप आनंद होईल'. हे कुठून आलं? गाईडमधून, नाहीतर क्लासच्या झेरॉक्समधून. तोंड पोराचं, शब्द दुसऱ्याचे. हे लिपसिंक नाही तर काय? आणि त्याला आपण वर्षानुवर्षं दहात आठ देत आलोय कारण अक्षर चांगलं आणि शुद्धलेखन बरोबर. ट्रेंडने पोरांची भाषा बिघडवली असं आपण म्हणतो, पण उसने शब्द तोंडात घेऊन मार्क मिळतात हे त्यांना आधी शाळेतच कळलं होतं, रीलने फक्त त्याला गाणं लावलं. हे मी कडवटपणे म्हणत नाही, पण तुमची लढाई नक्की कशाशी आहे ते ठरवायला हे बघावंच लागेल. फोनशी नाही, उसन्या वाक्याशी आहे.

आणि उसनी चाल म्हणजे वाईट असंही नाही हां. तुमच्याकडे गणपतीत जाखडी नाचतात ना, शक्ती-तुऱ्याचे शाहीर सरळ चालू सिनेमाच्या गाण्याची चाल उचलतात. आमच्याकडे डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, बुवा पण तेच करतात, गजर सुरू झाला की पहिल्या दोन ओळीतच मांडवातली पोरं ओळखतात की चाल कुठली. ट्रेंडिंग ऑडिओ म्हणजे हेच की. फरक एवढाच की समोरच्या बुवाने जे टोमणे मारलेत त्याला उत्तर दुसऱ्या बुवाला त्याच चालीत, आपल्या शब्दात, तिथल्या तिथे द्यावं लागतं, नाहीतर लोक उठवतात. रीलमध्ये शब्द पण तयार मिळतात, तुम्ही फक्त ओठ हलवा. म्हणजे पोराला जे काम करायला लावायचं ते मधलंच, शब्द घालायचं. चाल कुठलीही घे म्हणावं.

(आणि जांभयांचं म्हणाल तर हीच पोरं डबलबारीचा चारचार तासांचा व्हिडिओ यूट्यूबवर न हलता बघतात आणि कुठल्या बुवाने काय मारलं ते दुसऱ्या दिवशी शब्दन्शब्द सांगतात. लक्ष लागत नाही वगैरे सगळं खरं नाही. आपल्या पानात लागत नाही. त्यामुळे पान बदला, निदान पहिल्यांदा तरी. बातमी वाचायला द्या, मासळीच्या दराची, एसटी बंद झाल्याची, गावच्या रस्त्याची. धडा पळून जात नाही.)

मी काय करते ते सांगते, तुम्हाला वाटलं तर करा. नववीला सांगते, पंधरा सेकंदांचं रील लिहायचं. करायचं नाही, लिहायचं. फोन बंद. घरात जे काम तू हाताने करतेस तेच. एकीने आंब्यावर लिहिलं, घरची कलमं आहेत त्यांची. पहिला खर्डा असा होता : 'नमस्कार मित्रांनो, आज आपण बघणार आहोत हापूस आंबा. आमचा हापूस खूप टेस्टी असतो. नक्की लाईक करा.' मी लाल पेन उघडलंच नाही. विचारलं, आंबे काढताना घरात ओरडा कोणाला पडतो? म्हणाली भावाला. का? तो घळ (आंबे काढायची जाळीवाली काठी) नीट धरत नाही, देठ मोडतो. मग मोडला तर काय झालं? तर माझ्याकडे अशी बघायला लागली की बाईंना एवढं पण माहीत नाही. म्हटलं हेच लिही, मला माहीत नाही असं समजून लिही. दुसऱ्या दिवशी आणलं ते हे :

'आंबा काढताना देठ ठेवायचा. देठ तुटला की चीक सांडतो. चीक जिथे लागतो तिथे आंबा काळा पडतो. डागी आंबा आई पेटीत भरत नाही. तो आम्ही खातो.'

सर, ह्यात 'खूप टेस्टी'सारखं एक पण सजवायचं विशेषण नाही बघा, आणि शेवटच्या वाक्यात ते अख्खं घर आहे. मी वर्गात मोठ्याने वाचलं तर आधी हसले सगळे आणि मग गप्प झाले कारण प्रत्येकाच्या घरी डागी आंबाच खातात. मग मागच्या बाकावरचा एक म्हणाला, बाई मी बर्फ फोडण्यावर लिहू? वडील बोटीवर आहेत त्याचे. लिही म्हटलं. हे लिहिताना त्याने कोणाला न सांगता तीनदा खोडलं, ह्या मुलाने आयुष्यात स्वतःहून कधी वाक्य खोडलेलं नव्हतं.

आणि ह्याला अभ्यासक्रमाबाहेरचं म्हणायचं कारण नाही. दहावीच्या कुमारभारतीत ८० पैकी २४ मार्क उपयोजित लेखनाला आहेत, त्यात जाहिरात आहे, बातमी आहे, कथा आहे, पत्र आहे. पंधरा सेकंदांत गिऱ्हाईक थांबवायचं म्हणजे जाहिरातच ना. पोरांना 'हूक' कळतो हो, पहिल्या दोन सेकंदात माणूस थांबला नाही तर बोटाने पुढे सरकतो हे त्यांना तुमच्यामाझ्यापेक्षा चांगलं माहितीये. तेच निबंधाच्या पहिल्या ओळीला लावायला सांगा. 'भारत हा कृषिप्रधान देश आहे' वाचून तू थांबला असतास का? नाही. मग बदल. वर्गात स्वतःच एकमेकांच्या पहिल्या ओळी स्वाईप करतात, मजा येते, आणि गाईडची ओळ आली की सगळे एका सुरात 'पुढे' म्हणतात.

बातमीलेखनाला तर फॉरवर्ड सोन्यासारखे. जरा मोठा पाऊस झाला की चिपळूणच्या जुलै २०२१ च्या पुराचा व्हिडिओ 'आत्ताचा' म्हणून कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतोच. तो वर्गात घ्या आणि फक्त विचारा, बातमीला जे लागतं ते ह्यात काय काय नाही? तारीख नाही. कोणी काढला ते नाही. गाव लिहिलंय पण दुकानाच्या पाट्या काय म्हणतात? पोरं पाट्या वाचायला लागतात, नदी कुठल्या बाजूला आहे ते बघायला लागतात. खोटी बातमी ओळखा असं भाषण देण्यापेक्षा हे बरं, आणि घरी जाऊन आजोबांना पकडतात ते वेगळंच.

आता बोलीचं, कारण तुमच्या पत्रात नाही तरी ते येणारच आहे. आपण शाळेत पोराने 'माका' म्हटलं की 'मला म्हण' असं टोकत आलो, आणि आता रीलवर मालवणी, संगमेश्वरी बोलणाऱ्यांना लाखांनी लोक बघतात. पोरांना प्रश्न पडतो, बाईंच्या वर्गात चुकीचं ते मोबाईलवर भारी कसं? बरोबर प्रश्न आहे. मला ह्याचा आनंद आहे, खोटं कशाला बोलू, आमच्या पिढीने मुंबईला गेलं की लाजून सोडलेली बोली ही पोरं छाती काढून बोलतात. पण एक खटकतं. ह्या रीलमध्ये बोली येते ती बहुतेक हसवायलाच. दारू, शिव्या, बायकोची खेचणं, भुताची गजाल. जणू आपल्या बोलीत माणूस कधी गंभीर होतच नाही, कर्ज काढत नाही, रडत नाही. म्हणून मी पोरांना बोलीत लिहायला सांगते तेव्हा अट घालते की विनोद नको. तुमच्या बंदरावर तर खारव्यांची वेगळी, कुणबी वाडीतली वेगळी, मोहल्ल्यातल्या पोरांची कोकणी वेगळी. लिलावात काय बोलतात ते एका पोराला हुबेहूब लिहायला लावा, मग तेच प्रमाण मराठीत बातमी म्हणून लिहायला लावा. दोन्हीला मार्क द्या. एकाला हशा आणि दुसऱ्याला मार्क असं नको.

रोमन लिपीत टाईप करतात त्याचा बाऊ करू नका. फक्त एकदा सगळ्यांना मराठी कीबोर्ड लावून द्या, इंग्रजी अक्षरांनी टाईप केलं तरी देवनागरी येतं, आणि वर तीन पर्याय दिसतात त्यातला बरोबर कुठला हे शेवटी पोरालाच ठरवावं लागतं. तिथे तुमचं ऱ्हस्वदीर्घ त्याला पहिल्यांदा उपयोगी पडतं.

राहिलं तुमचं स्वतःचं. रील करा, माझी काही हरकत नाही. आमच्याच तालुक्यात पोंभुर्ल्याला जन्मलेल्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' सुरू केलं, एका बाजूला मराठी, एका बाजूला इंग्रजी, आणि पुढे एल्फिन्स्टनमध्ये प्रोफेसरकी केलीच की. छापखाना तेव्हाचं नवीन खूळ होतं. शिकवणाऱ्याने नव्या माध्यमाला हात लावूच नये हे म्हणणारे तुमच्या स्टाफरूममधले अर्धे लोक स्वतः दिवसभर व्हॉट्सॅपवर सुविचार ढकलत असतात, त्यांचं मनावर घेऊ नका.

पण धडा शिकवताना डोक्यात रील असतं असं तुम्ही लिहिलंय, ते मात्र गंभीर आहे, आणि तुम्ही लिहिलंत म्हणजे तुम्हाला कळलंय. 'न' आणि 'ण' वर रील चालतं कारण ते एका मिनिटात संपतं आणि बघणाऱ्याला आधीच येत असतं, त्याला फक्त 'बघा लोक कसे चुकतात' ह्याची मजा हवी असते. तुमच्या वर्गात ज्याला खरंच 'ण' म्हणता येत नाही तो पोरगा ते बघून शरमेने अजून कमी बोलेल. तुमचा शिष्य तो आहे, ते व्ह्यूजवाले नाहीत. त्याला शेजारी बसवून महिनाभर रोज दोन वाक्यं वाचून घ्यावी लागतात, त्याचं शूटिंग होत नाही, झालं तरी कोणी बघणार नाही. तेव्हा रील शाळा सुटल्यावर, घरी, आपल्या खात्यावर, शाळेचं नाव न घालता. आणि वर्गात स्टँड लावायचा नाही, कधीच नाही. स्टँड लागला की पोरं तुम्हाला उत्तर देत नाहीत, कॅमेऱ्याला देतात, आणि थोड्या दिवसांनी तुम्ही पण प्रश्न कॅमेऱ्यालाच विचारायला लागता.

संस्थेला शाळेच्या पेजसाठी काहीतरी द्यावं लागेलच, नाहीतर ते दुसऱ्या कोणाला धरतील आणि पुन्हा नाच सुरू. तर त्यांना सांगा दर पंधरवड्याला पोरांनी लिहिलेलं एक, पोराच्याच आवाजात, हातांचा व्हिडिओ. आंब्याचं, जाळं विणण्याचं, सुकटीचं. मांडणी तुम्ही करा, ऑडिओ ट्रेंडिंग लावायचा असेल तर खाली बारीक लावा, अध्यक्षांना पण बरं वाटेल. संमतीचा कागद मात्र आधी. मराठीत, एका पानाचा : काय टाकणार, कुठे टाकणार, चेहरा-नाव नसेल, आणि नको म्हटलंत तर काढून टाकू. हे शाळा उघडल्यावर जूनच्या पहिल्या पालकसभेतच उरका, तेव्हा मासेमारी बंद असते, ३१ जुलैपर्यंत होड्या वरती ओढलेल्या असतात आणि वडील घरी सापडतात. एकदा ऑगस्ट लागला की सही करायला फक्त आई येते, आणि मग वडील रात्री बंदरावरून फोन करून तुम्हाला विचारतात की सर, हे कसलं व्हिडिओचं.

— बाई